बायो-ऑस कोलॅजेन: दाढेच्या खड्ड्यात भरलेलं हाड, चार स्टार

खालची दाढ मुळापर्यंत चिरलेली, रूट कॅनाल करूनही वाचली नसती म्हणून काढली. पुढे इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) करायचा होता आणि डॉक्टर म्हणाले खड्डा तसाच सोडला तर हाड झिजतं, वर्षभरात रुंदी निम्म्यावर येऊ शकते, त्यातलंही बरंचसं पहिल्या ३ महिन्यांतच, मग स्क्रू बसवायचा कशात? म्हणून हे भरलं.

गाईस्टलिश नावाच्या स्विस कंपनीचं आहे, ९० टक्के गाईच्या हाडातले खनिज दाणे आणि १० टक्के डुकराचं कोलॅजेन. सुटे दाणे इकडेतिकडे पळतात, कोलॅजेनमुळे त्यांचा छोटा पांढरा ठोकळा होतो. डॉक्टरांनी तो खड्ड्यातल्याच रक्तात भिजवला, स्पंजसारखा मऊ झाला, मग कात्रीने थोडा कापून आत दाबला. वर बायो-गाईड नावाचा कोलॅजेनचा पातळ पडदा, त्याची गुळगुळीत बाजू हिरडीकडे आणि खरखरीत हाडाकडे. पडदा लागतो कारण हिरडी भराभर वाढते आणि हाडाची जागा खाऊन टाकते.

हाड आपलं आपल्यालाच बनवायचं असतं बरं का, हे फक्त परांची बांधून देतं. कोलॅजेन काही आठवड्यांत विरघळतं, रक्तवाहिन्या आत शिरतात, दाण्यांना धरून नवीन हाड चढतं आणि दाणे मात्र वर्षानुवर्षं आतच राहतात. त्यामुळे एक्स-रेमध्ये पांढरं दिसलं की हाड आलं असं समजून खूश होऊ नका, ते दाणे पहिल्या दिवसापासून पांढरेच दिसतात! माझं खरं काय ते इम्प्लांटच्या वेळी ड्रिल लावल्यावर कळलं, पकड चांगली मिळाली म्हणाले.

दुखणं दाढ काढल्यावर दुखतं तेवढंच, सूज दोन-तीन दिवस. स्वस्त अजिबात नाही आणि इम्प्लांटसाठी चार-सहा महिने थांबावं लागतं ते वेगळंच. सिगारेट ओढत असाल तर आधी बंद करा, जखम नीट भरत नाही आणि पैसे पाण्यात.

आता राग. क्लिनिकने (नाव नको) सही घेतली त्या फॉर्मवर नुसतं 'बोन ग्राफ्ट'. गाय-डुक्कर हे मला नंतर फाईलवरच्या स्टिकरवरून शोधून कळलं. मला चालतं, पण आमच्या सासूबाईंना कुणी न सांगता हे भरलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. सिंथेटिक दाणे मिळतात, स्वतःचं हाडही काढून वापरतात (दुसरी जखम होते पण), तेव्हा आधीच विचारा कशाचं आहे. एक स्टार कापलाय तो या फॉर्मसाठी, मालासाठी नाही.