रस्त्यांची जोडणी मोजताना: चौक मोजावेत की वळसा?

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील एखाद्या प्रभागाचे रस्ते एकमेकांना कितपत जोडलेले आहेत, हे तपासणाऱ्यापुढे मुख्यतः तीन पद्धती असतात.

पहिली पद्धत गुणोत्तराची. रस्त्यांच्या तुकड्यांची संख्या चौक आणि बंद टोके यांच्या एकूण संख्येने भागायची. सगळ्या गल्ल्या फांद्यांसारख्या बंद होत असतील तर उत्तर १ च्या आत राहते, आखीव चौकटीच्या मोठ्या जाळ्यात ते २ च्या जवळ जाते. नौपाड्याची वाशीच्या एखाद्या सेक्टरशी ढोबळ तुलना करायला कागद-पेन्सिलीवर एवढे भागते. मात्र घोडबंदर रोडसारखा दुभाजक असलेला रस्ता ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन नकाशावर दोन समांतर रेषांनी काढतात, त्यात सेवारस्त्यांची भर पडते आणि आपल्या लेखी जो एक नाका, तो संगणकाला चार-पाच चौक वाटतो. त्या नकाशातील रस्त्यांचे विश्लेषण करणाऱ्या ओएसएमएनएक्स या संगणकीय साधनात असे बिंदू एकत्र करण्याची सोय आहे. ती न वापरता काढलेल्या आकड्यावर विसंबू नये. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये नेमके उलटे घडते: वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिथे अंगणांभोवती सात-सात घरे रचली, पण केवळ वाहनांचे रस्ते धरले तर अंगणे जोडणाऱ्या पायवाटा हिशेबातून गळतात.

प्रश्न शाळेपर्यंत किंवा स्टेशनपर्यंत चालत जाण्याचा असेल, तर दुसरी पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष चालण्याचे अंतर भागिले सरळ रेषेतील अंतर, मला निःसंशय सरस वाटते. आदर्श चौकटीत एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत हा वळसा सुमारे १.४१ पेक्षा जास्त होत नाही. समजा, संकुलाच्या भिंतीपलीकडची शाळा २०० मीटरवर आहे आणि फाटकातून फिरून ७०० मीटर पडतात, वळसा ३.५ झाला. मागचे फाटक उघडे असते की कुलूपबंद, हे नकाशा क्वचितच सांगतो, त्यामुळे वॉचमनला विचारण्याला पर्याय नाही. (रेल्वेचे पादचारी पूलही नकाशात आहेत ना, ते पाहावे, नाहीतर ठाणे पूर्व आणि पश्चिम ही दोन गावे ठरतात.)

तिसरी पद्धत किती लघुतम मार्ग एका रस्त्यावरून जातात हे मोजते. कोपरी पुलासारख्या अडचणीच्या जागेवरचा भार समजण्यासाठी ती योग्य, पण तिला संगणक आणि सबुरी दोन्ही लागतात. महापालिकेच्या हद्दीवर नकाशा कापला, तर मुलुंडकडे जाणारे रस्ते बंद गल्ल्या ठरून त्यांचे महत्त्व खोटेच घटते. म्हणून मोजणीत हद्दीबाहेरचे काही किलोमीटर घ्यावेत आणि निकाल तेवढा हद्दीतला वाचावा.