धन-दानावरची साधना, वसई: फी नाही, पाकीट आहे

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या वसईत कुठे ना कुठे चर्चची साधना, म्हणजे मुक्कामी राहून प्रवचनं ऐकायचं शिबिर, चालूच असते. विषय बहुधा पाप, क्षमा, कुटुंब. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत फक्त पैशावर बोलायचं म्हणजे हिंमत हवी. इथे निम्म्या घरांत वाडी विकल्याचा पैसा आलाय आणि उरलेल्या निम्म्यांत त्याच्या वाटणीवरून अबोला आहे. (आमची वाडी अजून आहे. अबोलाही आहे.)

प्रवचनं एका सिस्टरांची. माइक खरखरत होता, पण त्यांची तयारी पक्की. मंदिराच्या पेटीत आपली शेवटची दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट आपण दानपेटी फिरायच्या वेळी ऐकत आलोय. सिस्टरांनी मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला तिच्या आधीचा भाग वाचून घेतला. विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना म्हणणाऱ्या शास्त्र्यांना येशू झोडपतो, आणि लगेच ही बाई पेटीपाशी येते. गरिबाचं शेवटचं नाणं गोळा करायला या गोष्टीचा आधार घेऊ नका, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. पुढच्या बाकावरचे फायनान्स कमिटीतले दोघे वही चाळायला लागले.

मग जक्कय, बायबलमधला श्रीमंत जकातदार, येशू घरी आल्यावर बदललेला. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. त्यावर सिस्टरांचा प्रश्न: वाडीत खुरपणीला येणाऱ्या वारली बायांची मजुरी शनिवारी चुकती होते, की ‘पुढच्या आठवड्यात बघू’ होतं? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच मालकाविरुद्ध ओरडते. देणं फेडल्याशिवाय दान कसलं, हा त्यांचा मुद्दा. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढ्या अर्ध्या तासासाठी मी ही साधना कुणालाही सुचवीन.

देवावरच्या भरवशाचं सत्र मात्र आधी गुळगुळीत वाटलं. आकाशातली पाखरं, रानातली फुलं, देव त्यांची काळजी घेतो तशी तुमचीही घेईल, हे येशूचं बोलणं. शेवटी एका सोनचाफेवाल्याने विचारलंच, “सिस्टर, अवकाळीने कळ्या झडल्या तर दादरला काय नेऊ? भरवसा?” हशा पिकला. त्यांनी त्याला टोलवलं नाही. म्हणाल्या, पाखरूही पहाटे उठून चारा शोधतंच. साठवण करणं पाप नव्हे. जुन्या करारातल्या योसेफाने मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सात वर्षं धान्य साठवलं म्हणून दुष्काळात लोक जगले. लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत मूर्खही कोठारंच बांधतो, पण त्याच्या बेतात त्याच्याशिवाय दुसरं कुणीच नाही. सोनचाफेवाल्याचं पुरतं समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही नाही, पण प्रामाणिक उत्तर होतं. ‘दान पेरा, शंभरपट घ्या’ असली जाहिरात कुठेच नव्हती. उलट मार्कमध्ये शंभरपटीच्या त्याच वाक्यात छळही कबूल केलाय, तो त्यांनी मुद्दाम वाचून दाखवला.

आता बाकीचं. फी ठरलेली नाही. निघताना कोरं पाकीट देतात, नाव लिहायचं नाही, ते आपणच पेटीत टाकायचं. ही पद्धत आवडली. पण डाव्या हाताला कळू न देता उजव्याने द्यावं हे ऐकून मान वर करावी, तर पंख्याच्या प्रत्येक पात्यावर देणगीदाराचं नाव! पंखा चालू असला की वाचता येत नाही, तेवढीच सोय.

जेवण साधं आणि गरम. शुक्रवारी वालाची भाजी, शनिवारी सुक्या बोंबलाचं कालवण नि तांदळाची भाकरी. कालवणात तिखट जपून घाला, खोलीतल्या म्हाताऱ्यांचे हाल झाले. गाद्या पातळ आहेत, पाठीचं दुखणं असेल तर चादर जास्तीची आणा. डास भरपूर. संडास स्वच्छ.

भावंडांत जमिनीचा वाद असेल तर शक्यतो दोघांनी एकाच वेळी नाव नोंदवा. वेगवेगळ्या खोल्या मागितल्या तर देतात, कारण विचारत नाहीत.

पाचपैकी चार तारे.