ग्लुकोमीटर, बाळंतपणानंतरचे आठ महिने: मशीन चांगलं, डबीचं झाकण सांभाळा

गरोदरपणात शुगर निघाली, म्हणून घरी मीटरवर साखर बघते. जुलैअखेर एका सकाळी उपाशीपोटी १७१ आलं. लगेच दुसरी पट्टी लावली, ११८! मांडीवर बाळ रडतंय, माझे हात थरथरताहेत. कस्टमर केअरचा पहिला प्रश्न, पट्ट्यांची डबी कधी उघडली? एप्रिलमध्ये, बाळंतपणाच्या आठवड्यात. मग म्हणे, उघडल्यावर तीनच महिने चालते, बदलून मिळणार नाही. हे डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. पुरवून पुरवून वापरून उरलेल्या एकोणीस पट्ट्या फुकट गेल्या. खूप भांडले, एक स्टार देऊन मोकळी झाले.

राग ओसरल्यावर विचार केला. गोव्यात, आमच्या डिचोलीच्या पावसात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, तिथे या पट्ट्या कशा टिकणार? डबीत ओल शोषणारा थर असतो, पण झाकण घट्ट बसलं तरच त्याचा उपयोग. मी बाळाच्या घाईत ते अर्धवट दाबत होते, वर डबी चुलीशेजारच्या फळीवर. आता ‘टक्’ वाजल्याशिवाय हात काढत नाही, डबीवर उघडल्याची तारीख लिहिते आणि पंचवीसचीच डबी घेते. नवी डबी उघडली त्या सकाळी लॅबमध्येही रक्त दिलं. लॅब ९५, मीटर १०१. एवढा फरक चालतो. म्हणून आता चार स्टार.

हात मात्र धुवाच. मे महिन्यात मानकुराद आंबा चिरून तसंच बोट टोचलं, १६३. आई म्हणाली, “आधी हात धुवून ये गो.” धुतल्यावर १०४.

एक गोष्ट मीटरच्या माथी मारता येणार नाही. पट्ट्या वाचवायला मी फक्त सकाळची साखर बघत होते, बहुतेक आकडे नव्वदीत. त्या भरवशावर सहा आठवड्यांनंतरची लॅबची तपासणी टाळणारच होते. आईने बाळ घेतलं आणि मला पिटाळलं. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायले, दोन तास बाकावर बसले. उपाशीपोटी ९४, नंतर १५८. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. जेवणानंतर मी एकदाही टोचलं नव्हतं! तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी का नको, असं डॉक्टरांना विचारलं. बाळंतपणात रक्त जातं, त्यामुळे इतक्यात तो आकडा फसवा, म्हणाले. गरोदरपणात शुगर निघालेल्या बायकांनी ही ग्लुकोजवालीच करून घ्या, घरचं मीटर तिची जागा घेत नाही.

आता आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दोन तासांनी टोचते. उकड्या तांदळाची पेज दोन वाट्यांवरून एकीवर आणली, परवा १२८ आलं. डॉक्टरांनी दरवर्षी तपासायला सांगितलंय. नवं कालनिर्णय आलंय, मेच्या पानावर लिहून ठेवलं.