स्लावांचा माग काढायचा, तर कोणत्या पितृशाखेवर भिस्त ठेवावी?

सहाव्या शतकाच्या मध्यावर बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस डॅन्यूबपलीकडून उतरणाऱ्या 'स्क्लाव्हेनी' टोळ्यांविषयी लिहितो. त्याआधीच्या ग्रंथांत या नावाचे लोक दिसत नाहीत. पुढच्या दोनेकशे वर्षांत मात्र जर्मनीतल्या एल्ब नदीपासून ग्रीसच्या पेलोपोनीजपर्यंत स्लाव भाषा बोलणारी गावं वसलेली असतात. माणसं खरंच एवढी सरकली, की नुसती भाषा पसरली, हा वाद जुना आहे. अलीकडे त्यात वाय गुणसूत्राचा पुरावा आला. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. त्यात क्वचित होणारे बदल साठत जातात आणि त्यांवरून पुरुषांचा वंशवृक्ष मांडता येतो. एकच बदल वारशाने मिळालेल्या पुरुषांची फांदी म्हणजे पितृशाखा.

हा विषय कुणाला प्रबंधासाठी हाती घ्यायचा असो वा हौसेखातर, सुरुवातीलाच तीन नावं समोर येतात: आर१ए-झेड२८०, आर१ए-एम४५८ आणि आय२-वाय३१२०. तिन्हींना सरसकट 'स्लाव शाखा' म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण पुरावा म्हणून तिघींचं वजन सारखं नाही.

माझी कसोटी सोपी आहे. शाखा किती टक्के पुरुषांत सापडते हे नंतर पाहावं, ती किती जुनी आहे हे आधी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या स्थलांतराचा माग साडेचार हजार वर्षं जुन्या फांदीवरून काढायला गेलं की गफलत होते, कारण मधल्या काळात ती फांदी कुठे कुठे जाऊन आलेली असते.

झेड२८०: पसारा मोठा, पुरावा पातळ

रशिया, बेलारूस, युक्रेन, पोलंड सगळीकडे ही शाखा भरपूर आहे, म्हणून नवख्याचा हात पहिल्यांदा तिच्याकडेच जातो. पण लिथुआनिया-लाटव्हियातल्या बाल्टिक भाषिकांतही ती तितकीच घट्ट रुजलेली आहे. त्याहून अडचणीचा साक्षीदार जर्मनीतल्या हाल्बरश्टाटचा. तिथे सापडलेला एक पुरुष इ.स.पूर्व ११००च्या आसपासचा, आणि त्याची शाखा झेड२८०. म्हणजे स्लावांचं नाव इतिहासात येण्याआधी दीड हजारांहून जास्त वर्षं ही शाखा एल्बच्या पश्चिमेला पोचलेली होती. आज त्या भागातल्या एखाद्या माणसाचा डीएनए चाचणीचा अहवाल नुसता 'झेड२८०' म्हणत असेल, तर त्याचा पूर्वज स्लावांबरोबर आला की कांस्ययुगातच आला, हे त्यावरून ठरत नाही. खालच्या उपशाखांपर्यंत उतरलात तर ही शाखाही बोलू लागते. वरवरच्या नावावर मात्र मी एक ओळसुद्धा लिहिणार नाही.

एम४५८: घड्याळ चुकलं की शाखाच बदलते

पोलंड आणि चेकियात ढोबळमानाने चारातला एक पुरुष या शाखेचा असतो. पश्चिमेकडे जर्मन भाषा सुरू होते तिथे तिचं प्रमाण झपाट्याने घसरतं. एवढी स्पष्ट सीमारेषा दिसली की कुणालाही मोह पडेल.

पण तिच्या वयाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००९ मध्ये पीटर अंडरहिल आणि सहकाऱ्यांनी ही शाखा जगापुढे मांडली तेव्हा तिचं वय हिमयुग संपल्यानंतरच्या काळात, होलोसीनच्या आरंभी नेलं होतं. ते गणित एसटीआर खुणांवर, म्हणजे गुणसूत्रावर पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरगटांच्या संख्येवर बसवलेलं होतं. या खुणा किती वेगाने बदलतात याचे दोन दर प्रचलित होते. एक बाप-मुलाच्या जोड्या तपासून काढलेला. दुसरा लोकसंख्येच्या इतिहासावरून बेतलेला, 'उत्क्रांतीचा' म्हणून ओळखला जाणारा आणि जवळपास तिपटीने मंद. त्या अभ्यासात मंद दर धरला, त्यामुळे शाखा म्हातारी ठरली. पुढे संपूर्ण वाय गुणसूत्र वाचता येऊ लागलं आणि एम४५८चं वय साडेचार-पावणेपाच हजार वर्षांवर आलं. तेही स्लावांच्या मानाने जुनंच. कामाच्या आहेत त्या तिच्या दोन फांद्या, एल२६० आणि एल१०२९. दोन्ही साधारण दोन ते अडीच हजार वर्षांपूर्वी फुटायला लागलेल्या. एल२६० पोलंड-चेकियाकडे जास्त दाटलेली, एल१०२९चा विस्तार त्याहून मोठा.

पश्चिम स्लावांचा, म्हणजे पोलिश, चेक आणि पूर्व जर्मनीतल्या सॉर्ब लोकांचा अभ्यास करायचा असेल तर मी या दोन फांद्यांपासून सुरुवात करीन. जुन्या लेखातलं वय दिसलं, तर ते कोणत्या दराने काढलंय हे पाहिल्याशिवाय उचलू नये. तो आकडा अजूनही इंटरनेटवर जिवंत आहे.

जाता जाता एक खुलासा, कारण हा प्रश्न मराठी मंडळींकडून हमखास येतो. आपल्याकडे कुणाच्या अहवालात 'आर१ए' आलं की स्लावांशी नातं जोडण्याची घाई होते. भारतातला आर१ए मुख्यतः झेड९३ या फांदीचा. युरोपातल्या झेड२८२शी (झेड२८० आणि एम४५८ तिच्याच लेकी) त्याची फारकत सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी झाली. नातं आहे, पण सहाव्या शतकातल्या घडामोडींशी त्याचा काडीचा संबंध नाही.

वाय३१२०: माझी पसंती

बोस्नियाच्या दक्षिणेकडचा हर्झेगोव्हिना आणि क्रोएशियाचा किनारी डाल्मेशिया, यांच्या डोंगराळ भागात आय२ची ही शाखा काही ठिकाणी ६० टक्क्यांच्या वर जाते. २००० नंतरच्या पहिल्या काही अभ्यासांत याचा अर्थ सरळ लावला गेला: हे बाल्कनचे मूळ रहिवासी, हिमयुगात इथे आसरा घेतलेल्या शिकाऱ्यांचे वंशज. प्रमाण जिथे जास्त तिथे उगम, असा हा तर्क. दिसायला बिनतोड, प्रत्यक्षात उलटा निघाला.

पहिली शंका एसटीआरनेच घातली. हर्झेगोव्हिनातले हे पुरुष एकमेकांशी फारच जुळत होते. हजारो वर्षं एका जागी राहिलेल्या वंशात खुणांची विविधता साठायला हवी, ती इथे नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ केन नॉर्टवेट यांनी हौशी अभ्यासातून या पुरुषांचे दोन गट पाडले, दिनारिक उत्तर आणि दिनारिक दक्षिण. फरक मुख्यतः एका खुणेचा: डीवायएस४४८ या जागी उत्तरेकडच्या गटात २० आवर्तनं, दक्षिणेकडच्यांत १९. पुढे गुणसूत्राचं सखोल वाचन झालं तेव्हा दक्षिण गटाची स्वतंत्र फांदी सापडली, पीएच९०८ नावाची. संपूर्ण वाय३१२० शाखा जेमतेम सव्वादोन हजार वर्षांची निघाली, पीएच९०८ त्याहून तरुण. शिवाय वाय३१२०च्या बुंध्याजवळचे वेगवेगळे फाटे पोलंड, युक्रेन, बेलारूसकडे, कार्पेथियन पर्वताच्या उत्तरेला पसरलेले. दक्षिणेत मुख्यतः एकाच फाट्याला बहर आलेला.

म्हणून ही शाखा मला सर्वांत भरवशाची वाटते. तिचं वय योग्य आहे, फाटे थोड्या काळात भराभर फुटलेले आहेत आणि विविधतेची दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. त्यात २०२३ मध्ये इन्यिगो ओलाल्दे आणि सहकाऱ्यांचा बाल्कनवरचा शोधनिबंध आला, १३६ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवर आधारलेला. स्लाव येण्याआधीच्या स्थानिक नमुन्यांत या शाखेचा मागमूस नाही, नंतरच्यांत ती आहे.

तरी एक खड्डा इथेही आहे. एखाद्या गावात ६० टक्के पुरुष या शाखेचे, म्हणून तिथल्या लोकांचं ६० टक्के रक्त स्लाव, असं होत नाही. एखाद्या कुळाला मुलगे जास्त झाले, डोंगरात लोकसंख्या आधी आटली आणि मग वाढली, की एकच पितृशाखा सगळं गाव व्यापते. आयांच्या, आज्यांच्या बाजूचा हिशेब वाय गुणसूत्रात येतच नाही. ओलाल्दे यांच्याच अभ्यासात आजच्या बाल्कन स्लावांच्या एकूण वारशात पूर्व युरोपीय वाटा ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान येतो.

जिवंतांचा नमुना की हाडांचा?

शाखा निवडली तरी तिला विचारायचं कसं, हा निर्णय उरतो. एसटीआर स्वस्त, आणि जुन्या शोधनिबंधांत त्याचा प्रचंड साठा आहे. २००७ मध्ये क्रिश्टॉफ रेंबाला आणि सहकाऱ्यांनी अशाच खुणांच्या आधारे स्लावांचं मूळ स्थान युक्रेनमधल्या नीपर नदीच्या मधल्या खोऱ्यात दाखवलं होतं. गटागटांची तुलना करायला एसटीआर पुरे. वय काढायचं असेल तर मात्र त्याच्या नादी लागू नये. 'बिग वाय-७००'सारख्या सखोल चाचण्यांत साधारण दर ८०-९० वर्षांमागे एक नवा बदल हाती लागतो, म्हणजे तीन-चार पिढ्यांपर्यंत बारीक फाटे दिसतात. तेवढ्या बारकाईने पाहिलं तरच सहावं शतक आणि नववं शतक वेगळं करता येतं.

पण जिवंत माणसांचा नकाशा आजचा असतो. फाळण्या, हकालपट्ट्या, युद्धं सगळं त्यात मिसळलेलं. १९४५ नंतर पोलंड-जर्मनीची सरहद्द सरकली, लाखो लोक हलवले गेले. आजच्या पश्चिम पोलंडमधल्या शाखांवरून मध्ययुगाबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही. तिथे हाडंच विचारावी लागतात. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात ५५५ प्राचीन जनुकसंच होते. त्यानुसार सहाव्या ते आठव्या शतकात पूर्व जर्मनी, पोलंड आणि क्रोएशियात स्थानिक वारशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग पूर्वेकडून आलेल्यांनी बदलला, आणि त्यात पुरुष जास्त, बायका कमी असा कल दिसत नाही. कुटुंबंच्या कुटुंबं गेली. नुसत्या वाय गुणसूत्रावरून हे कधीच कळलं नसतं.

अडचण आहे ती सुरुवातीच्या पिढ्यांची. पहिले स्लाव मृतांना जाळत, आणि जळालेल्या हाडांतून डीएनए मिळणं जवळपास अशक्य. त्यामुळे सहाव्या शतकातली माणसं हाताशी फारच थोडी आहेत. जास्त नमुने आहेत ते दफनाची चाल पडल्यानंतरचे. नेमक्या या पोकळीत वाय३१२० आणि एल१०२९सारख्या तरुण फांद्या उपयोगी पडतात, कारण मधल्या पिढ्यांची हाडं राहिली नसली तरी त्या काळात फुटलेले फाटे आजच्या पुरुषांत वाचता येतात.