रडायला पाच सेकंद : मालिका दाखवणाऱ्या एका सेवेविषयी

गेली दोन वर्षे मी एका मोठ्या ऑनलाइन मनोरंजन सेवेची वर्गणीदार आहे. चित्राची स्पष्टता, आवाज, इंटरनेट मंदावल्यावर होणारा खोळंबा यांवर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्या बाबतीत माझी फारशी तक्रारही नाही. मी ही सेवा घेतली ती मुख्यतः मालिकांसाठी, आणि मालिका पाहताना मी रडते, चिडते, पात्रांना मोठ्याने बजावतेसुद्धा; त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात जे उसळते ते निवू देण्याइतकी उसंत ही सेवा देते की नाही, एवढीच माझी कसोटी आहे.

एक प्रसंग सांगते. मालिकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यांना ती अजून पाहायची आहे त्यांचा विरस होईल. तिच्यात एक म्हातारा, तुसडा कारकून आहे. पहिल्या भागात तो मला अगदी नकोसा झाला होता. तिसऱ्या भागात, आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही असे पाहून तो एका नवख्या सहकारी मुलीच्या चुकलेल्या नोंदीखाली स्वतःची सही करतो, आणि त्या सहीपासून मी त्याच्या बाजूची झाले. आठव्या भागाच्या शेवटी तो जातो. मृत्यू दाखवलेला नाही. दिसते ती रिकामी खुर्ची, टेबलावर राहिलेला चष्मा आणि तो उचलून खणात ठेवणारा त्या मुलीचा हात. खण बंद होतो, पडदा काळा होतो, एकटे व्हायोलिन सुरू होते, आणि नेमक्या त्याच क्षणी ते सगळे आक्रसून कोपऱ्यात जाते व मधोमध चौकट उमटते : ‘पुढचा भाग ५ सेकंदांत’. डोळे पुसावेत की रिमोट शोधावा या गोंधळात ते सेकंद संपले आणि नवव्या भागातला हास्यकल्लोळ माझ्या अंगावर आला.

संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेले असणे, आणि त्यावरचा उतारा म्हणून तो नाट्यातल्या गीत-वाद्यांकडे बोट दाखवतो. प्रेक्षकाला स्वतःच्या काळज्यांतून सोडवून नाटकात आणणे हे संगीताचे काम झाले. पण नाटकातून त्याला हलक्या हाताने परत आणून सोडणेही त्याच संगीताला जमते, असा माझा अनुभव आहे. श्रेयनामावलीखाली वाजणारे ते व्हायोलिन नेमके त्यासाठी होते. सेवेच्या लेखी मात्र मालिका तिथे संपलेली असते आणि उरलेला वेळ फुकट जात असतो.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मी रात्री आवाज कमी ठेवून, खालची अक्षरे लावून पाहते. नायिकेने दाराची कडी काढण्यापूर्वीच तळाशी ‘(करुण संगीत)’ असे येते आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते मला कळून चुकते. रसाचे किंवा भावाचे थेट नाव घेणे हा दोष मम्मट या दुसऱ्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात रसदोषांमध्ये, म्हणजे रसाला बाधा आणणाऱ्या दोषांमध्ये, अगदी पहिला धरला आहे; शोक हा शब्द उच्चारून शोक उभा राहत नाही. अर्थात ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही अक्षरे अत्यावश्यक आहेत आणि ती काढावीत असे मी कदापि म्हणणार नाही. फक्त संवाद दाखवणारा वेगळा पर्याय काही मालिकांना आहे, काहींना नाही, एवढीच माझी कुरकुर आहे.

अंगठ्याच्या खुणेबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. भाग संपला की ‘आवडले की नाही’ असे विचारले जाते. याच मालिकेत एक कार्यालयप्रमुख आहे, ज्याच्या गोड बोलण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते; तो पडद्यावर आला की मी उशी घट्ट धरून बसते. ही त्या नटाची कमाई आहे. आता मी अंगठा वर करावा की खाली? खाली केला तर अशा मालिका मला दाखवणेच बंद होईल. वर केला तर त्या माणसाला माफ केल्यासारखे वाटते. १८ मार्च १९७५ रोजी युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ या अमेरिकी मालिकेत हेन्री ब्लेक या लाडक्या पात्राचे विमान पाडले गेल्याची बातमी शस्त्रक्रिया चालू असतानाच वाचून दाखवली गेली; त्या शांततेत कोणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडल्याचा आवाज होतो आणि डॉक्टर काम चालू ठेवतात. प्रेक्षकांनी संतापून निर्मात्यांना पत्रे लिहिली होती. पत्र लिहायला बसणाऱ्याला, आपला राग लेखकावर आहे की मरणावर, हे निदान दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तरी उमगत असेल. अंगठ्याला दुसरा परिच्छेद नसतो.

शिफारशींविषयी दोनच वाक्ये पुरेत. कारकून गेला त्याच रात्री मला ‘डोळे पाणावणाऱ्या मालिका’ या मथळ्याखाली दहा चित्रांची रांग दिसली, आणि त्यांतल्या एका चित्रात एका पात्राची अंत्ययात्राच होती, म्हणजे ती मालिका तर पाहण्याआधीच उलगडली.

चांगले काय आहे तेही नोंदवायला हवे. दहा सेकंद मागे नेणारे बटण ही मला या सेवेची सर्वांत हृद्य सोय वाटते. त्या सहीचा प्रसंग मी चार वेळा मागे नेऊन पाहिला, आणि चौथ्या वेळी मला दिसले की सही करण्याआधी तो पेनाचे टोपण दोनदा लावतो आणि दोनदा काढतो. दूरचित्रवाणीवर ठरावीक वेळी लागणाऱ्या मालिकेत ते कधीच हाती लागले नसते. तिथे थांबणे मात्र सक्तीचे होते : ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेत जे. आर. या प्रमुख पात्रावर २१ मार्च १९८० रोजी गोळी झाडली गेली आणि ती कोणी झाडली याचे उत्तर २१ नोव्हेंबरला मिळाले. आठ महिने मला नकोत, पण पाच सेकंद हा काही त्याला पर्याय नव्हे.

पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंद करता येते, हे मला फार उशिरा कळले. ही सोय टीव्हीवरच्या ॲपमध्ये सापडत नाही. संकेतस्थळावर जाऊन, खात्याच्या पानावर, आपल्या नावाखालच्या तिसऱ्या यादीत ती खूण काढावी लागते. ती काढून मी आठवा भाग पुन्हा लावला. खण बंद झाला, पडदा काळा झाला आणि या वेळी काळाच राहिला. नावे सरकत होती आणि व्हायोलिन पूर्ण वाजले. तिसऱ्या भागात, टोपण काढता-लावताना, अगदी दबक्या आवाजात हीच धून होती.

नववा भाग मी दोन दिवसांनी लावला.