घरात चपला घालून दहा महिने: माझी टाच, पांढऱ्या टाइल्स आणि आत्याबाईंचं पायतण

आधीच सांगते, मी चपलेच्या बाजूची नव्हते. माहेरी काय न् सासरी काय, पायतण ओट्याखाली काढायचं म्हणजे काढायचं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. जुनं घर मातीचं होतं, खाली सारवण. ते पाडून दोन वर्षांपूर्वी स्लॅबचं घर बांधलं आणि हौसेनं पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्या. वर्ष झालं नाही तर माझी उजवी टाच धरली.

सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल खाली टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. दहा-बारा पावलं चालले की उतरायचं, संध्याकाळी भाकरी टाकायला उभी राहिले की पुन्हा सुरू. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि गावात बातमी फिरली, हिचं आता ऑपरेशन. हाडांचे डॉक्टर मात्र म्हणाले, असं वाढलेलं हाड कधी न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखालून गेलेला जाड पट्टा. रात्री तो आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला ताणला जातो. त्यांनी पोटऱ्या ताणायचा व्यायाम दिला, बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली, आणि घरात अनवाणी उभं राहायचं नाही म्हणाले.

सगळा दोष टाइल्सच्या माथी मारत नाही. जुन्या घरात मी चुलीपुढे बसून स्वयंपाक करायची. आता गॅस ओट्यावर, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास उभं. फरशीबरोबर माझं बसणंही गेलं, हे ध्यानात यायला मला वेळ लागला.

दिवाळीनंतर बाजारातून 280 रुपयांची ईव्हीए नावाच्या हलक्या फोमची जाड चपल आणली. मुद्दाम लाल रंगाची, म्हणजे घरातली कोणती ते सगळ्यांना कळावं. नियम एकच, लाल चपल दारापुढच्या ओट्याच्या खाली उतरणार नाही. पहिल्याच आठवड्यात आमचे हे ती घालून कोठ्यात बैल सोडायला गेले! शेण लागलेली चपल माझ्याच पुढ्यात आणून ठेवली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तेवढंच पाहिजे होतं. "घरात पायतन घालून फिरतं का वं? लक्ष्मी राहीन का घरात?"

पहिले तीन आठवडे काडीचा फरक नाही. दीड महिन्यानं सकाळची कळ कमी झाली, संक्रांतीला वाण द्यायला गावभर फिरले तरी टाच बोलली नाही. गुण व्यायामाचा की चपलेचा, छातीठोक सांगता येत नाही. पण महालक्ष्म्यांच्या दिवसांत सोवळ्यातला स्वयंपाक अनवाणी केला आणि तिसऱ्या दिवशी टाच परत जागी झाली. त्यावरून चपलेचा वाटा आहे, एवढं मी धरून चालते.

आता तक्रारी. मे महिन्यात चपल धुऊन स्लॅबवर वाळत टाकली. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी पाहते तर चपल वाकून पापडासारखी झालेली आणि एक नंबर लहान! हा फोम उष्णतेनं आकसतो, हे 280 रुपये गेल्यावर कळलं. ती आता पोरगी घालते. दुसरी जोडी सावलीतच वाळवते. उन्हाळ्यात दुपारी गार फरशीला उघडा तळवा टेकवायचं सुख जातं, ते वेगळंच. पावसाळ्यात ओले पाय तसेच चपलेत घातले तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, मला झाल्या. आणि तळ झिजला की ओल्या टाइल्सवर चपल सटकते. चपलेत टाचेच्या जागी अंगठा दाबून पाहायचा. खड्डा वर आला नाही तर फोम बसला समजा. माझी दुसरी जोडी आत्ताच तिथवर आली आहे.

पण खरी गोष्ट आत्याबाईंची. त्यांना जुनी साखर आहे, म्हणजे मधुमेह. श्रावणात एके सकाळी देवघरापासून सैपाकघरापर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके दिसले. मागोवा घेत गेले तर आत्याबाई निवांत तूर निवडत बसलेल्या, तळव्यात पत्र्याचा कपचा. त्यांना पत्ताच नव्हता. सारवणावर ते रक्त दिसलंही नसतं. दवाखान्यात नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून तपासलं. डोळे मिटून "लागलं" म्हणायचं होतं, तीन ठिकाणी त्या गप्पच बसल्या. डॉक्टरांनी बजावलं, या पायांनी घरातसुद्धा अनवाणी नाही. माझ्यासारखी सुटी चपलही नाही, कारण पाय बधिर असला की ती निघून गेलेली कळत नाही. मागे पट्टा हवा, तळ एमसीआरचा, म्हणजे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा हवा.

एमसीआर म्हटल्यावर आत्याबाई भडकल्या. "ते तं दत्तपूरच्या लोकायचं पायतन. मले काय तो रोग झाला का?" दत्तपूरचा कुष्ठधाम मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये सुरू केलेला, आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. आणि आत्याबाईंचं अगदीच चूक नव्हतं. हे रबर कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठीच वापरात आलं, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यावर काम केलं. अंगाचा भार एका जागी न येता तळव्यावर पसरतो, म्हणून जखम टळते. साखरेच्या पायाचं दुखणं दुसरं, पण बधिरपणा तोच. हे मी चार वेळा समजावलं, उपयोग शून्य. शेवटी नातवानं पट्ट्याला जांभळी फीत शिवून घेतली तेव्हा पायात घातल्या.

महिना झाला. रोज घालण्याआधी मी आत हात फिरवते, खडा आहे का, विंचू तर नाही ना. रात्री त्यांचे तळवे बॅटरीनं पाहते. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र त्या अजून चपला काढतातच. त्यावर वाद घालणं सोडलं आहे. आत जाड सतरंजी अंथरली आणि तेवढी जागा दोनदा झाडते.