चित्राशेजारी मजकूर: लाटेकमध्ये रॅपफिग, मिनिपेज की साइडकॅप?

पानाच्या मधोमध चार सेंटिमीटर रुंदीचं एकुलतं चित्र, दोन्ही बाजूंना कोरी जागा, आणि त्या चित्राबद्दलचा परिच्छेद पुढच्या पानावर. लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत, पुस्तक लावताना असं पान कधी ना कधी समोर येतंच. चित्र एका बाजूला आणि मजकूर शेजारी आणायचे मार्ग बरेच आहेत. रोजच्या कामात निवड मात्र तिघांत होते: रॅपफिग (मजकूर चित्राभोवती वळवतं), मिनिपेज (दोन चौकटी शेजारी ठेवतं) आणि साइडकॅप (चित्रओळ, म्हणजे कॅप्शन, शेजारी नेतं). ठरवताना बहुतेक जण चित्राचा आकार बघतात. आधी बघावा तो मजकूर. शेजारचा मजकूर खास त्या चित्रासाठी लिहिलेला असेल, म्हणजे कृतीच्या पायऱ्या, भागांची नावं, आकृतीचं वर्णन, तर मिनिपेज. मजकूर आपल्या ओघात चाललेला असेल आणि चित्र फक्त सोबतीला असेल, तर रॅपफिग. शेजारी निव्वळ चित्रओळच हवी असेल, तर साइडकॅप.

रॅपफिग: देखणं, पण नाजूक

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र हलवलं की मजकूर आपोआप त्याच्याभोवती सरकतो. तिथून लाटेककडे आलेल्यांची इथे पहिली निराशा होते. टेक, म्हणजे लाटेकच्या आतलं अक्षरजुळणीचं यंत्र, आधी आख्ख्या परिच्छेदाच्या ओळी पाडतं, आणि पान कुठे तुटणार ते नंतर ठरतं. ओळी अरुंद करायच्या तो क्षण येतो तेव्हा त्या पानावर नेमक्या कुठे पडतील हे टेकला ठाऊक नसतं. रॅपफिग हे डोनाल्ड आर्सेनो यांचं पॅकेज (लाटेकला जोडायची पुरवणी) याच मर्यादेत राहून काम करतं: चित्राची उंची मोजतं, तिला ओळींच्या अंतराने भागतं आणि तेवढ्या ओळी आखूड करतं. त्याच्या बहुतेक खोडी या एका गोष्टीतून निघतात.

रॅपफिगर या एन्व्हायर्नमेंटला (सुरुवात आणि शेवटाच्या आज्ञांमधल्या चौकटीला) बाजू आणि रुंदी द्यावीच लागते. अरुंद ओळींची संख्या आणि चित्र समासात किती बाहेर काढायचं, हे दोन्ही ऐच्छिक. बाजूसाठी आर म्हणजे उजवी, एल म्हणजे डावी. दोन्ही बाजूंनी छापायच्या पुस्तकात आय म्हणजे शिवणीकडची आणि ओ म्हणजे बाहेरची. अक्षर लहान लिहिलं तर चित्र जिथल्या तिथे बसतं. कॅपिटल लिहिलं तर जागा मिळेल तिथे पुढे सरकायची मुभा मिळते. मसुदा चालू असताना कॅपिटल ठेवावं, शेवटच्या प्रुफाला लहान करावं. आतल्या चित्राला रुंदी म्हणून लाइनविड्थ (त्या जागेतल्या ओळीची रुंदी) द्यावी, म्हणजे बाहेरचा आकडा बदलला की चित्रही त्याबरोबर बदलतं.

ओळींचा हिशेब एकदा हाताने करून बघण्यासारखा आहे. समजा, अक्षर ११ पॉइंटचं, ओळींचं अंतर १६ पॉइंट, म्हणजे ५.६२ मिलिमीटर. चित्र ५० मिलिमीटर उंच. चित्र आणि चित्रओळीमध्ये १० पॉइंट, म्हणजे साधारण ३.५ मिलिमीटर. चित्रओळ दोन ओळींची, म्हणजे ११ मिलिमीटरच्या वर. चित्राच्या डोक्यावरचं इनटेक्स्टसेप, म्हणजे मजकूर आणि चित्र यांतलं अंतर, १२ पॉइंट, म्हणजे ४.२ मिलिमीटर. बेरीज ६९ च्या आसपास जाते, आणि ५.६२ ने भागल्यावर उत्तर बारापेक्षा थोडं जास्त येतं. म्हणून १३ ओळी. मध्ये वेगळ्या ओळीवर मांडलेलं समीकरण असेल तर ते तीन ओळींचं धरतात.

मराठीत इथे एक जादा अडचण आहे, आणि ती इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सापडत नाही. देवनागरीत वेलांटी, रफार, मात्रा वर जातात. उकार आणि जोडाक्षरं खाली उतरतात. ओळींचं अंतर ११ वर १३ असं तंग ठेवलं तर काही ओळी एकमेकींना भिडायला येतात, आणि टेक त्या ओळींपुरतं अंतर गुपचूप वाढवतं. रॅपफिगने मात्र भागाकार मूळ अंतरानेच केलेला असतो. परिणाम असा, की मोजलेल्या ओळी प्रत्यक्षात आणखी एका ओळीची जागा घेतात आणि चित्राखाली एक कोरा खड्डा दिसतो. यावर खरा उपाय म्हणजे अंतरच मोकळं करणं: ११ वर १६ किंवा १७. ते शक्य नसेल तर ओळींची संख्या हाताने एकने कमी करावी. इनटेक्स्टसेप शून्य करून खड्डा बुजवायला गेलात तर चित्र वरच्या ओळीला चिकटतं.

दुसरी गोष्ट रुंदीची. ए५ पानावर मजकुराची रुंदी १०.५ सेंटिमीटर धरली आणि चित्राला ४ सेंटिमीटर दिले, तर मधलं अंतर वजा जाता मजकुराला ६ सेंटिमीटरच्या थोडं वर उरतं. एका ओळीत पाच-सहा मराठी शब्द. ‘अंमलबजावणीसाठी’सारखा एक शब्द ओळीच्या टोकाला आला की तो खाली ढकलला जातो, आणि मागे राहिलेल्या चार शब्दांत ढगळ फटी पडतात. झीटेक किंवा लुआटेकवर (टेकच्या युनिकोड चालणाऱ्या आवृत्त्यांवर) मराठी भाषा नीट जाहीर केली असेल तर शब्द तोडायचे मराठीचे नियम लागू होतात. भाषा जाहीर न करता नुसता देवनागरी फॉन्ट लावला तर ते होत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर त्या परिच्छेदापुरता इमर्जन्सीस्ट्रेच (ओळीला ताणायची जादा मुभा) एक-दोन एम द्यावा; एक एम म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढं अंतर. स्लॉपी ही ढिल्या ओळी चालवून घेणारी आज्ञा सरसकट लावू नये, त्याने फटी उघड्याच पडतात. माझ्या मते मजकुराला ६ सेंटिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर मजकूर वळवूच नये.

चित्र कुठे ठेवू नये हे पक्कं लक्षात ठेवा. क्रमांकित किंवा बुलेटच्या यादीत नको, यादीच्या लगेच आधी किंवा नंतर नको. तिथे मजकूर चित्रावर चढतो किंवा ओळी अरुंद होतच नाहीत, आणि लॉगमध्ये (लाटेकने लिहिलेल्या नोंदींच्या फाइलमध्ये) विसंगत एन्व्हायर्नमेंटची सूचना येते. अरुंद ओळी संपायच्या आत नवा मथळा येऊ देऊ नये. पानाच्या तळाशी तर नकोच: अर्धं चित्र खालच्या समासात लोंबतं आणि पुढच्या पानाच्या पहिल्या चार-पाच ओळी, शेजारी काहीही नसताना, आखूड राहतात. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे लांब परिच्छेदाची सुरुवात. परिच्छेद चित्रापेक्षा आखूड असेल तर पुढचा परिच्छेदही साधा, यादीविना असायला हवा.

चित्रांचे क्रमांकही बिघडू शकतात. साधं फिगर, म्हणजे लाटेकची चित्राची नेहमीची चौकट, तरंगतं, म्हणजे पुढच्या पानावर जाऊ शकतं. लहान अक्षराचं रॅपफिगर जागेवर राहतं. मग वाचकाला चित्र ४ आधी दिसतं आणि चित्र ३ नंतर. अशा वेळी आधीच्या साध्या चित्रांनंतर प्लेसइन्स पॅकेजचा फ्लोटबॅरियर टाकावा, तो आधीच्या चित्रांना पुढे जाऊ देत नाही.

मिनिपेज: कष्टाळू आणि भरवशाचं

मिनिपेज म्हणजे पानातलं छोटं पान. दोन शेजारी ठेवायची: एकात चित्र, दुसऱ्यात मजकूर. इथे ओळी मोजाव्या लागत नाहीत, याद्या चालतात, समीकरणं चालतात. प्रयोगवहीत उपकरणाची आकृती डावीकडे आणि सहा पायऱ्यांची क्रमांकित यादी उजवीकडे हवी असेल तर दुसरा विचारही करू नये. रॅपफिग जिथे कोलमडतं नेमकं तिथे हे उभं राहतं.

रुंदी टेक्स्टविड्थच्या (मजकुराच्या पूर्ण रुंदीच्या) ०.३५ आणि ०.६० अशी वाटावी आणि मधली जागा एचफिल या उरलेली जागा भरणाऱ्या आज्ञेला सोडावी. दोन्हींची बेरीज पूर्ण १ केली आणि मध्ये साधी स्पेस राहिली, तर बेरीज पानाबाहेर जाते आणि दुसरा डबा खाली घसरतो. पहिल्या मिनिपेजच्या शेवटानंतर नवी ओळ घेतली की टेक ती स्पेसच समजतं, म्हणून तिथे टक्क्याचं चिन्ह लावतात. आणि दोघांच्या मध्ये कोरी ओळ सोडली तर नवा परिच्छेद सुरू होतो: चित्र वर, मजकूर खाली. ‘शेजारी येतच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा ही एक कोरी ओळ असते.

दुसरी नेहमीची चूक वरच्या कडेची. दोन्ही मिनिपेजला टी (वरून जुळवायचा पर्याय) दिलं तरी मजकूर चित्राच्या तळापासून सुरू झालेला दिसतो. कारण टी दोघांच्या पहिल्या ओळीची बेसलाइन (अक्षरं ज्या अदृश्य रेषेवर बसतात ती) जुळवतं, आणि चित्राची बेसलाइन असते त्याची तळकड. उपाय दोन. अ‍ॅडजस्टबॉक्स पॅकेज एक्सपोर्ट पर्यायासह घेऊन चित्रालाच व्हीअलाइन टी द्यावं. किंवा दोन्ही मिनिपेजच्या सुरुवातीला शून्य पॉइंटचं व्हीस्पेस (उभं अंतर) टाकावं. यानंतरही मराठी पानावर चित्र किंचित वर वाटतं. आपली नजर ओळीचा माथा म्हणून शिरोरेघ धरते, आणि चित्राची कड येते तिच्याही वर, वेलांटीच्या उंचीला. चित्र दोन ते चार पॉइंट खाली घेऊन त्याची कड शिरोरेघेशी जुळवली की पान एकदम शांत दिसतं. आकडा फॉन्टगणिक बदलतो, म्हणून ४०० टक्के मोठं करून बघूनच ठरवावा.

मिनिपेजच्या मर्यादाही आहेत. ते पानावर तुटत नाही; उंची अर्ध्या पानावर गेली की मागे मोठी रिकामी जागा सोडून पुढच्या पानावर उडी मारतं. आत परिच्छेदाचं इंडेंट शून्य होतं, हवं असल्यास पुन्हा द्यावं लागतं. तळटीप पानाच्या तळाशी न जाता त्याच डब्याखाली येते, तीही अंकाऐवजी अक्षराने. फिगरच्या बाहेर वापरलं तर साधं कॅप्शन चालत नाही, कॅप्शन पॅकेजमधलं कॅप्शनऑफ लागतं. आणि मजकूर चित्रापेक्षा लांब असेल तर चित्राखालचा पट्टा कोराच राहतो, कारण मजकूर त्याखाली वळत नाही. मजकूर चित्राच्या उंचीच्या दीडपटीपर्यंत असेल तर हे खपून जातं.

साइडकॅप: उभ्या चित्राला

उभी, निमुळती चित्रं आणि चार ओळींची चित्रओळ: जुन्या व्यक्तींची छायाचित्रं, वनस्पतींची रेखाटनं, मंदिराचा खांब. यांना साइडकॅपचं एससीफिगर उत्तम. चित्रओळ शेजारी जाते, पुस्तकात आपोआप बाहेरच्या कडेला येते, आणि हे साधं तरंगतं चित्र असल्यामुळे क्रमांक बिघडत नाहीत. चित्रओळीची रुंदी चित्राच्या पटीत द्यायची असते. चित्र ३ सेंटिमीटरचं असेल आणि पट १ असेल तर चित्रओळही ३ सेंटिमीटरच्या चिंचोळ्या रकान्यात कोंबली जाते. तिथे दीड किंवा दोन करावं. चित्रओळ वर, मध्ये की खाली हे साइडकॅप्शनव्हीपॉसने ठरतं. मजकुराचा परिच्छेद मात्र चित्रओळ म्हणून आत घुसवू नये, चित्रसूचीत तो आख्खा उमटतो.

चौथा पर्याय समासातल्या चित्राचा. बाहेरचा समास चार-पाच सेंटिमीटरचा असेल तरच तो घ्यावा, ए५ वर नाही. आणि चित्रांची रांग व मजकूर दोन्ही पानोपानी समांतर चालवायचे असतील तर मिनिपेजचा हट्ट सोडून पॅराकॉल घ्यावं, ते पानांवर तुटतं.

काम कुठल्या क्रमाने करावं

आधी पानाचा आकार, फॉन्ट आणि ओळींचं अंतर पक्कं करा. मिनिपेज आणि साइडकॅपची चित्रं त्याच वेळी लावून टाका, ती पुढे त्रास देत नाहीत. ज्या चित्रांभोवती मजकूर वळवायचा आहे ती सध्या साध्या फिगरमध्ये ठेवा. मुद्रितशोधन संपलं, लेखकाची शेवटची दुरुस्ती बसली, की पहिल्या पानापासून पुढे सरकत एकेक रॅपफिगर करा. शेवटून सुरुवात केली तर आधीच्या पानावरचं एक चित्र बदलताच त्यानंतरची सगळी जुळवणी सरकते. प्रत्येक बदलानंतर लॉगमध्ये ‘रॅपफिगर’ हा शब्द शोधा: जागेवरचं चित्र जबरदस्तीने तरंगवलं अशी सूचना असेल तर त्या पानावर चित्रापुरत्या ओळी उरलेल्या नाहीत. तिथे चित्र एक परिच्छेद अलीकडे घ्या, नाहीतर त्या एका चित्रापुरतं मिनिपेज वापरा.